पुस्तक मिटून थिएटरात जा

प्रिय ताई,

तेराव्या वर्षी एका जादुई दुनियेच्या कादंबऱ्या हाती लागल्या. आता मी एकोणतिशीत आहे आणि त्या अजून उशाशी असतात. पाचही खंडांची बांधणी खिळखिळी झालीय. आता पहिल्या खंडावर सिनेमा येतोय. सगळे म्हणतात, ‘तुला तर केवढा आनंद झाला असेल!’ माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. ट्रेलरमधला नायक माझ्या मनातल्या नायकासारखा जराही दिसत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे परवा पुस्तक उघडलं, तर ओळींमधून त्याच नटाचा चेहरा डोकवायला लागला. माझा लाडका म्हातारा नावाडी सिनेमात नाहीच, असंही कळलंय. नवऱ्याने एकही खंड वाचलेला नाही, पण त्याला यायचंय. मागे अशाच एका सिनेमाला मी शेवटपर्यंत त्याच्या कानाशी ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणत कुजबुजत राहिले आणि घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. शिवाय नऊ वर्षांच्या भाचीलाही यायचंय. तिने यातलं अजून एक पानही वाचलेलं नाही. जाण्याआधी सगळं पुन्हा वाचून काढू? की जाऊच नको?

– धास्तावलेली वाचक

प्रिय वाचक,

पुन्हा वाचायचं का, याचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देते. नको. आत्ता तर अजिबात नको. पाचही खंड कपाटात ठेव आणि सिनेमा पाहून होईपर्यंत त्यांना हात लावू नकोस.

असे सिनेमे यायच्या आधी पुस्तकाची उजळणी करणारे पुष्कळ असतात आणि त्यातले बहुतेक तोंड पाडून परत येतात. उजळणी केली की संवाद पाठ असतात, प्रसंगांचा क्रम पाठ असतो, कोणी कोणत्या रंगाचा झगा घातला होता तेही पाठ असतं. मग पडद्यासमोर आपण गृहपाठ तपासायला बसलेल्या मास्तरांसारखे बसतो. हे वाक्य गाळलं, तो प्रसंग पुढे ढकलला, इथे दोन पात्रांचं एक केलं. चुका सापडत जातात आणि सिनेमा बघायचा राहतो. उलट बऱ्याच दिवसांत न वाचलेलं पुस्तक मनात वेगळ्या तऱ्हेने असतं. तपशील पुसट झालेले असतात आणि जे तुला खरोखर लागलं होतं तेवढं वर राहिलेलं असतं. सिनेमाला जाताना तेवढीच शिदोरी पुरे. त्यातलं काही पडद्यावर आलं तर तुला आपोआप कळेल, आणि आलं नाही तर तेही कळेल. त्यासाठी पान क्रमांक माहीत असायची गरज नाही.

पुस्तक वाच, पण सिनेमानंतर. त्या वाचनाला जी धार येते ती आधीच्या वाचनाला कधीच येत नाही.

आता तुझा नावाडी. त्याचं दुःख मला समजतं, पण त्याला गाळलं म्हणजे तुझा किंवा लेखकाचा अपमान केला असं धरून चालू नकोस. पटकथा लिहिणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो: पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन-अडीच तासांच्या सिनेमाची पटकथा सव्वाशे-दीडशे पानांत संपवावी लागते. समोर कादंबरी असते सहाशे-सातशे पानांची. मग कोणीतरी बाहेर राहणारच.

गंमत अशी की पुस्तकाच्या जाडीवरून सिनेमाची लांबी ठरतही नाही. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांमध्ये पाचवं सगळ्यात जाड आहे. त्याचा सिनेमा 138 मिनिटांचा, म्हणजे त्या मालिकेत आखूडच. दुसरं पुस्तक त्यामानाने चिंचोळं, आणि त्याचा सिनेमा 161 मिनिटांचा, आठही सिनेमांत सगळ्यात लांब. त्या पाचव्या सिनेमाच्या वेळी क्रीचर हा घरकाम करणारा म्हातारा एल्फ पटकथेतून जवळजवळ गेलाच होता. मूळ लेखिका रोलिंगने सांगितलं की त्याला ठेवा, नाहीतर पुढे तुमचीच पंचाईत होईल. सातवं पुस्तक तेव्हा बाजारात यायचं होतं, त्यामुळे तो पुढे कुठे लागणार हे तिलाच माहीत होतं. क्रीचर राहिला. पीव्ह्ज नावाचं ते उपद्रवी भूत मात्र एकाही सिनेमात दिसलं नाही. त्याचे प्रसंग पहिल्या सिनेमासाठी चित्रितसुद्धा झाले होते. पीव्ह्जवर जीव असणाऱ्यांना अजून चुटपुट लागते, पण त्याच्यावाचून गोष्ट कुठे अडली नाही.

म्हणून नावाड्याविषयी स्वतःला एवढंच विचार: त्याच्यामुळे गोष्टीत जे घडत होतं, ते आता कोणामुळे घडतंय? तो काही शहाणपणाचं बोलून नायकाला पैलतीरी सोडत असेल, तर ते काम दुसरं कोणी करेल. पण नायकाला पहिल्यांदा भीती वाटते ती त्या नावेत, आणि सिनेमात ती भीतीच राहिली नाही, तर तुझी तक्रार रास्त आहे.

या बाबतीत टॉल्किनसारखा काटेकोर लेखक काय म्हणाला होता ते ऐकण्यासारखं आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे खंड 1954-55 मध्ये आले आणि थोड्याच वर्षांत त्यावर सिनेमा करायचा आराखडा त्याच्याकडे आला. 1958 मध्ये त्याने त्या आराखड्याची पानागणिक चिरफाड केली. वाचताना वाटतं, हा माणूस कोणालाच एक अक्षर बदलू देणार नाही. पण त्यात तो हेही म्हणतो की एंट या चालत्याबोलत्या वृक्षांना आणि हॉर्नबर्गच्या लढाईला, दोघांनाही पुरेसा वेळ देता येत नसेल, तर एकाला पूर्ण काढा. आणि काढायची ती लढाई, कारण मुख्य गोष्टीच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे. त्याचा राग गाळण्यावर नव्हता. गोष्टीचा गाभा कुठे आहे हे न ओळखता भलतीकडे जोर देणं, नको ते घुसडणं, यावर होता.

पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सनने या पुस्तकावर तीन सिनेमे केले. 2002 च्या दुसऱ्या सिनेमात काय झालं? तीच लढाई सिनेमाचा कळस झाली. धो धो पाऊस, रात्र, तटाला लावलेल्या शिड्या. टॉल्किन सर्वात आधी जी काढायला निघाला होता, तीच प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. 2003 च्या तिसऱ्या सिनेमाला अकरा नामांकनं होती आणि अकराच्या अकरा ऑस्कर मिळाली. टॉल्किनचा मुलगा ख्रिस्तोफर मात्र शेवटपर्यंत नाराजच राहिला. वडिलांच्या पुस्तकाचा तरुण पोरांसाठी मारधाडपट करून टाकला, असं त्याचं म्हणणं होतं.

कोण बरोबर? मला विचारशील तर गाभा जॅक्सनला बऱ्यापैकी कळला होता. टॉम बॉम्बॅडिल हे पात्र गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुस्तकाच्या शेवटी हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, घरी परततात तेव्हा त्यांचं गावच उद्ध्वस्त झालेलं असतं आणि ते त्यांना स्वतः लढून सोडवावं लागतं. सिनेमात गाव जसंच्या तसं हिरवंगार. माझ्या लेखी ही मोठी तूट आहे, कारण त्या प्रकरणाशिवाय घर सोडून गेलेल्यांना घर फुकटात परत मिळतं. आधीच लांबलेल्या शेवटाला आणखी अर्धा तास कोणी दिला नसता हेही खरं. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी मान्य आहेत, आणि मला तो सिनेमा आवडतो.

असं एकाच वेळी दोन्ही मान्य करणं जमतं का, हा तुझा खरा प्रश्न आहे. यात माझी गुरू म्हणजे लेखिका अर्सुला के. ले ग्विन. तिच्या ‘अर्थसी’च्या दुनियेतली बहुतेक माणसं सावळी, तांबूस-तपकिरी कातडीची आहेत. नायक गेडही तसाच. हे तिने 1968 च्या पहिल्या पुस्तकापासून मुद्दाम केलं होतं. 2004 मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिका आली आणि गेड गोरा झाला. ती गप्प बसली नाही, जाहीरपणे लिहिलं. रंग हा तिथे सजावटीचा तपशील नव्हता आणि तिने तो तसा मानू दिला नाही. दोन वर्षांनी जपानच्या स्टुडिओ जिब्लीने त्याच पुस्तकांवर अ‍ॅनिमेशनपट केला. तो पाहिल्यावर दिग्दर्शक गोरो मियाझाकीने तिला विचारलं, आवडला का? तिने सांगितलं की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा सिनेमा आहे, आणि सिनेमा चांगला आहे. मग नंतर सविस्तर लिहून आपल्याला काय खटकलं तेही मांडलं. कौतुकही खरं होतं आणि हरकतीही खऱ्या होत्या. लेखिकेला हे जमलं, तर आपल्याला जमायला हरकत नाही.

आता चेहरा. तुझ्या पत्रातली ही भीती मला सगळ्यात खरी वाटली, म्हणून खोटा धीर देत नाही. नटाचा चेहरा येणार. काही दिवस तर तो पुस्तकभर फिरेल. पण सिनेमाला जाण्याआधी एक कर. एक कोरा कागद घे आणि तुझ्या मनातल्या नायकाचं वर्णन लिही. पुस्तक न उघडता. नाक कसं आहे? भुवया? कपाळ किती रुंद? दात?

बहुतेकांची लेखणी इथे अडते. इतकी वर्षं जो इतका स्पष्ट दिसत होता, त्याला नाकच नाही असं लक्षात येतं. मग काय आहे? तो दारात उभा राहतो तेव्हा आत यायच्या आधी क्षणभर थबकतो, ते आहे. खोटं बोलताना त्याचा आवाज उगाच मोठा होतो, ते आहे. थंडीत बाह्या ओढून हात आत घेतो, ते आहे. चेहऱ्याच्या जागी एक धूसर ठिपका आणि भोवती हे सगळं अगदी लख्ख. हे मात्र सविस्तर लिही, पान भरलं तरी चालेल. नट जागा घेतो ती बहुतेक वेळा त्या धुसर ठिपक्याची. थबकणं आणि बाह्या ओढणं त्याने केलं तर तो तुला हळूहळू पटेल, न केलं तर तो पुस्तकात फार काळ टिकणार नाही. सिनेमानंतर पुस्तक वाच म्हणाले ते यासाठीसुद्धा. चार-पाच प्रकरणं झाली की लेखकाची वाक्यं नटाला बाहेर काढायला लागतात.

बरं, दिसणं वेगळं असूनही नट चपखल बसतो याची उदाहरणं ढीगभर आहेत. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला स्नेप हा मास्तर जेमतेम एकतीस वर्षांचा आहे. अ‍ॅलन रिकमनने तो पहिल्यांदा केला तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता. वयाचा एवढा फरक, पण आज स्नेप म्हटलं की लाखो वाचकांच्या कानात रिकमनचा तो संथ, खालच्या पट्टीतला आवाजच येतो.

हॅरीच्या डोळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. पुस्तकात डोळे हिरवे. डॅनियल रॅडक्लिफचे निळे. हिरव्या लेन्स लावून पाहिल्या, पण त्याच्या डोळ्यांना त्या सोसेनात, म्हणून निळेच ठेवले. यात काही बिघडलं नाही, कारण रंग हिरवाच असायला हवा असं गोष्टीला वाटत नव्हतं. गोष्टीला हवं होतं ते एवढंच की मुलाचे डोळे आईसारखे असावेत. सातही पुस्तकांत ही ओळ येत राहते आणि शेवटी एका माणसाचं मरण तिच्यावर पेललेलं आहे. आणि 2011 च्या शेवटच्या सिनेमात लहानपणीची आई दाखवली तिचे डोळे तपकिरी! हिरव्याचा निळा झाला तो बदल होता, मला चालला. तपकिरी हा निव्वळ हलगर्जीपणा. तुझ्या सिनेमात काही खटकलं की दोन्हींपैकी कोणतं आहे ते बघ. राग राखून ठेवायचा तो दुसऱ्यासाठी.

(हॅरीच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीला शांतपणे विचारतो असं चौथ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असताना सिनेमात तो त्याच्या अंगावर धावून जातो. 2005 पासून चाहते यावर हसताहेत. तो राग मी पण जपून ठेवलाय, हे सांगायला हरकत नाही.)

नवऱ्याबद्दल. कुजबुज पूर्ण बंद. त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तू पुस्तकातलं सांगतेस त्या क्षणी तूही सिनेमातून उठून गेलेली असतेस. आणि एक लक्षात घे, तो तुझ्याजवळ असलेला सगळ्यात कामाचा प्रेक्षक आहे. तुझं डोकं पडद्यावरच्या फटी नकळत भरून काढत असतं, त्याचं नाही. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमात तो जादूचा नकाशा कोणी बनवला हे कुठेच सांगितलेलं नाही. वाचकांना नकाशावरची चार टोपणनावं कोणाची ते माहीत होतं, त्यामुळे अनेकांना काही राहिलंय हे जाणवलंसुद्धा नाही. न वाचलेल्याला मात्र एक मोठा दुवा कधी मिळालाच नाही. म्हणून बाहेर आल्यावर आधी त्याला बोलू दे. नायक घर सोडून का गेला असं तुला वाटलं, ती म्हातारी खोटं का बोलली, असे प्रश्न विचार आणि ऐकून घे. त्याला जे कळलं तेवढाच सिनेमा झालाय. पुस्तकातलं त्याने विचारलं तर सांग. न विचारता पाचही खंड त्याच्या पुढ्यात ठेवू नकोस.

आता जायचं की नाही. नाही गेलीस तरी चालेल, हे आधी सांगते. चाहत्याने पहिल्या आठवड्यात हजेरी लावलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. पण तुझ्या पत्रावरून मला दिसतं ते असं की ट्रेलर तू पाहिलास, कोण आहे नि कोण नाही याच्या बातम्या वाचल्यास, म्हणजे सिनेमाचा त्रास तू आत्ताच पुरता भोगते आहेस. न पाहता त्रास सोसण्यापेक्षा पाहून सोसलेला बरा. जा. फक्त आता आणखी ट्रेलर नको, मुलाखती नकोत, परीक्षणं नकोत. आणि बाहेर पडल्या पडल्या कोणाला निकाल ऐकवू नकोस. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीबद्दलचं पहिल्या तासातलं मत बहुधा धक्क्याचं असतं.

पुढच्या भागांवरही फार भिस्त ठेवू नकोस. पहिला भाग आला म्हणजे पाचवा येईलच असं नाही. 2007 मध्ये फिलिप पुलमनच्या त्रिखंडापैकी पहिल्या पुस्तकावर मोठ्या खर्चाचा सिनेमा आला, त्याचा शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवला आणि पुढचा भाग कधी निघालाच नाही. पुस्तकाचा सगळा घाव ज्या प्रकरणांत होता तीच बाहेर राहिली. त्या वाचकांना पडद्यावर पूर्ण गोष्ट पाहायला 2019 ते 2022 च्या मालिकेपर्यंत थांबावं लागलं.

राहिली भाची. आधी पुस्तक की आधी सिनेमा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी मधला मार्ग सुचवते. सिनेमाच्या आधी तिला पहिली दोन-तीन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखव, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात तिच्या मनात तिचा एक मुलगा, तिचं एक घर, तिचं एक जंगल तयार होईल. मग सिनेमात दुसरं जंगल दिसलं की एकाच गोष्टीची दोन जंगलं असू शकतात हे तिला न सांगता कळेल. पुढचं रहस्य मात्र तिचं तिलाच उलगडू दे, मग ते थिएटरात उलगडो की नंतर पानांत. त्यानंतर ती पुस्तकाकडे वळली तर उत्तम. नाही वळली तर महिनाभर विषय काढू नकोस. मावशीला काहीतरी फार हवंय, असा वास लहान मुलांना लगेच येतो आणि ती नेमकी उलट दिशेला पळतात.

तिने नटाचाच चेहरा मनात धरला तर धरू दे. तू तेरा वर्षांची असताना तुझ्या नायकाला कोणी दुरुस्त करायला आलं नव्हतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. तिकीट काढण्याआधी सिनेमाला वयाचं कोणतं प्रमाणपत्र मिळालंय ते नीट बघ. पानावर एका वाक्यात संपणारा राक्षस पडद्यावर दहा मिनिटं चालतो, वर चारी बाजूंनी आवाज असतो. पुस्तकात घाबरलं तर मूल पुस्तक मिटतं, थिएटरात तशी सोय नाही. रांगेच्या कडेची जागा घे, ती तुझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसू दे, आणि तिने हात ओढून ‘चल’ म्हटलं तर नायक कितीही संकटात असला तरी तिला घेऊन बाहेर ये. उरलेला सिनेमा तुला नंतर कधीही पाहता येईल.

– ताई